शुक्रवारची दुपार आणि अनुच्छेद ३६८

लोकसभेच्या कामकाजाचे जुने छापील खंड वाचायला बसले की आधी डोळ्यांना सवय करून घ्यावी लागते. प्रत्येक पानावर दोन रकाने, आणि क्रमांक पानाला नाही, रकान्याला. इंग्रजी भाषण चालू असताना कुणीतरी हिंदीत बोलायला उठतो आणि त्याच्याबरोबर लिपीही बदलते. मध्येच कंसात व्यत्ययाची नोंद येते, पण कोण ओरडले, काय ओरडले, ते कळत नाही. चौथ्या लोकसभेच्या अशा खंडांतून मी काही दिवस एकाच माणसाचा माग काढत होतो. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै.

नाथ पै म्हटले की आपल्याकडे तोंडात पहिला शब्द येतो तो ‘वक्तृत्व’. कोकणात त्यांच्या सभा ऐकलेली माणसे आजही त्या आवाजाबद्दल, त्या संस्कृत वचनांबद्दल, भाषणात येणाऱ्या कालिदास-शेक्सपिअरबद्दल भरभरून बोलतात. ते खरेच असणार. पण या कौतुकापायी एक नुकसान झाले, असे मला मनापासून वाटते. आवाज लक्षात राहिला, युक्तिवाद विसरला गेला. छापील खंडात आवाज नसतो, हावभाव नसतात, उरतो तो फक्त युक्तिवाद. आणि तो इतक्या वर्षांनीही अंगावर येतो.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या एका कुटुंबाची पाचशे एकरांहून अधिक जमीन, तिला लागलेला कमाल जमीनधारणेचा कायदा, आणि त्यातून उभा राहिलेला प्रश्न: मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसद करू शकते का? अकरा न्यायाधीशांपैकी सहा म्हणाले, नाही. पाच म्हणाले, होय. एका मताच्या फरकाने संसदेच्या हातून एक अधिकार गेला. त्या काळी मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कांतच होता, त्यामुळे जमीन सुधारणांची पुढची वाट अडणार हे उघड होते.

सरकार विचारच करत होते, तोवर ७ एप्रिलला, शुक्रवारी, नाथ पैंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. आशय थोडक्यात असा की, अनुच्छेद ३६८ खाली घटनेची कोणतीही तरतूद दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे घटनेतच स्पष्ट करावे. त्यांचा प्रजा समाजवादी पक्ष त्या लोकसभेत तेरा जणांचा होता. घटनादुरुस्तीला लागते हजर राहून मतदान करणाऱ्या सदस्यांचे दोन तृतीयांश मत, शिवाय एकूण सदस्यसंख्येचे बहुमत. काँग्रेसचेच बळ २८३ वर आलेले, म्हणजे दोन तृतीयांश सरकारच्याही हातात नव्हते. आणि खासगी विधेयकांना वेळ मिळतो तो शुक्रवारी दुपारी, शेवटचे अडीच तास, जेव्हा अनेक खासदारांनी मतदारसंघाकडे जाणारी गाडी पकडलेली असते.

अशा वेळी मांडलेले विधेयक सहसा त्या दुपारीच संपते. संसदेच्या साऱ्या इतिहासात खासगी विधेयकांचे कायदे झाले ते जेमतेम चौदा, आणि १९७० नंतर एकही नाही. नाथ पैंचे विधेयकही मंजूर झाले नाही. पण ते संपलेही नाही. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, अहवाल आला, पुन्हा चर्चा झाल्या. स्वतंत्र पक्षाने मालमत्तेच्या आणि नागरी स्वातंत्र्याच्या बाजूने त्याला कडाडून विरोध केला. मंत्रिमंडळाला आपली भूमिका ठरवावी लागली. तेरा जणांच्या पक्षातल्या एका सदस्याने जवळजवळ चार वर्षे देशाला एकाच प्रश्नावर वाद घालायला लावले: अखेरचा शब्द कोणाचा? लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा की न्यायपीठाचा?

नाथ पैंचे उत्तर स्वच्छ होते. त्यांना मूलभूत हक्क नकोसे झाले होते असे नाही. लोकशाही समाजवादावर पोसलेल्या माणसाला ते कसे नकोसे होतील? त्यांचे म्हणणे असे की हक्कांचा खरा राखणदार जनता आहे, आणि एका पिढीने पुढच्या पिढीचे हात कायमचे बांधून ठेवू नयेत. घटना जिवंत राहायची तर ती बदलता आली पाहिजे.

मला हे म्हणणे पूर्ण पटत नाही, आणि तरीही मी पुन:पुन्हा त्याच्याकडे जातो. न पटण्याचे कारण पुढच्या इतिहासात आहे. चौथी लोकसभा २७ डिसेंबर १९७० रोजी विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर व्यपगत झाले. बावीस दिवसांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात नाथ पै गेले. वय अवघे ४८. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून नाथ पै मागत होते तो अधिकार संसदेला दिला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी तो अधिकार मान्य केला, पण सात विरुद्ध सहा मतांनी एक मर्यादा घातली: घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. मग आणीबाणी आली. विरोधी नेते तुरुंगात असताना, ऑगस्ट १९७५ मध्ये, संसदेने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी एकोणचाळिसावी दुरुस्ती केली. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यातला तो भाग रद्द केला, तो मूलभूत चौकटीच्याच आधाराने. नाथ पैंच्या जागी राजापूरमधून निवडून आलेले मधू दंडवते तेव्हा बंगळूरच्या तुरुंगात होते. ज्या सभागृहावर नाथ पैंनी एवढा विश्वास टाकला, त्या सभागृहाने त्यांच्याच वारसाला बाहेर ठेवून घटना बदलली.

इथे थांबलो तर नाथ पै चुकले असे म्हणून पुस्तक मिटता येईल. पण पुढचे पान उलटावे लागते. २८ एप्रिल १९७६ रोजी याच सर्वोच्च न्यायालयाने बंदी प्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. राखणदार न्यायालय असेल, तर राखणदाराने तेव्हा दार लावून घेतले होते. ते उघडले मतदारांनी, मार्च १९७७ मध्ये. आणि जगण्याचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित होऊ नये, ही तजवीज केली १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, म्हणजे संसदेने, अनुच्छेद ३६८ खालच्याच अधिकाराने. नाथ पैंचा जनतेवरचा विश्वास इथे खरा ठरला.

खासदाराचे संसदेतले योगदान मोजताना आपण प्रश्न किती विचारले, हजेरी किती टक्के, चर्चांत भाग किती वेळा घेतला असे आकडे काढतो. आकडे असावेत, माझी तक्रार नाही. पण नाथ पैंचे विधेयक या हिशेबात शून्य ठरेल: मांडले, व्यपगत झाले. तरीही त्यांनी प्रश्न असा नेमका मांडून ठेवला की सरकारला, न्यायालयाला, पुढच्या लोकसभांना त्याला वळसा घालून जाता आले नाही. माझ्या लेखी खासदाराचे याहून मोठे काम नाही.

त्या कामाला वेळ लागतो, आणि मतदारांची साथ लागते. साठच्या दशकातला राजापूर मतदारसंघ म्हणजे रेल्वे नसलेला, मुंबईच्या मनिऑर्डरीवर चूल पेटणारा मुलूख. गावाला रस्ता हवा, बंदराला धक्का हवा, एसटी हवी. तिथल्या लोकांनी अनुच्छेद ३६८ वर बोलणाऱ्या माणसाला १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा दिल्लीला पाठवले. आपला खासदार देशाच्या प्रश्नावर बोलतो याचा अभिमान त्यांना होता. पोटाची ददात असलेल्या माणसाला तत्त्वाचे सोयरसुतक नसते, असे जे धरून चालतात त्यांनी कोकणाचा हा कौल विसरू नये.

आता वेळेचे. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठका झाल्या. सतराव्या लोकसभेच्या २७४. त्यात कोविडचा काळ होता हे मान्य; तरी अंतर केवढे आहे! डिसेंबर २०२३ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेणारा कायदा लोकसभेत मंजूर झाला, तेव्हा जवळपास शंभर विरोधी खासदार निलंबित होते. अटक, जामीन, कोठडी यांचे नियम बदलत होते, आणि विरोधात बोलू शकणारी माणसे सभागृहाबाहेर होती. जे आत असतात त्यांनाही पक्षादेश बांधू शकतो. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आयाराम-गयारामांना रोखण्यासाठी आला. पण पक्षादेश आज सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरता राहिलेला नाही, तो कोणत्याही विधेयकाला लावता येतो. ज्याचे मत आधीच ठरलेले आहे, त्याला समोरच्याचे भाषण ऐकायचे कारण काय उरते?

राज्यघटनेची प्रत उघडून अनुच्छेद ३६८ पाहिला. पहिल्या खंडात, घटनेची ‘कोणतीही तरतूद’ संसद दुरुस्त करू शकते, हे शब्द आजही तसेच आहेत. नाथ पै यासाठीच भांडले होते. खाली तळटिपेत, बारीक टाइपात, केशवानंद भारती.