उरलेली फिल्म

शोक ओसरला नसता छंदाकडे वळणे ही मृताशी प्रतारणा होय काय? मातोश्री निवर्तल्या तेव्हा आम्ही ‘होय’ म्हणालो आणि कॅमेरा कपाटात ठेवून दिला. वर्षश्राद्धानंतर तो काढला, तो आकडा २१ वर थांबलेला. फिल्म ३६ चित्रांची. अखेरची चार मातोश्रींची. उरलेली तशीच वाया दवडणे काटकसरी मातोश्रींनाच रुचले नसते!

म्हणून मंगेशीस गेलो. सात मजली दीपस्तंभावर ऊन चढण्याची वाट पाहत होतो. प्रकाश किती घ्यावा, किती वेळ घ्यावा, या विवंचनेत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात विसर पडला खरा, पण तो मातोश्रींचा नव्हे; आमच्याच दुःखाचा. आम्ही वकील असूनही आजवर हे दोन आरोप एकच समजत आलो होतो.

फ्रेंच लेखक रोलां बार्थ याची आई १९७७ साली वारली. तिचे बालपणीचे एक छायाचित्र त्याच्या १९८० च्या ग्रंथाचा गाभा आहे. परंतु ते त्याने छापले नाही. इतरांस ते सामान्यच वाटले असते, असे त्याचे म्हणणे. आमची चार चित्रे कशी उमटली आहेत, हे आम्हांसही ठाऊक नाही. फिल्मवर अद्याप दोन चित्रांची जागा आहे, आणि ती भरण्यास हात धजत नाही.