गोफण आणि भोरडी

वाचावें: यिर्मया ८:७, अनुवाद २२:६, ७



आश्विन सरत आला म्हणजे पाऊस उघडतो, ओढ्यांचें पाणी निवळतें, आणि आपल्या दख्खनच्या माळांवर नवे पाहुणे दिसूं लागतात. अशा दिवसांत उपासनेस जातांना वाट सोडून थोडें आडवाटेनें चालावें. बाभळींच्या झाडींतून बाहेर पडतांच नांगरलेल्या रानांत धोबी पक्षी शेपटी हालवीत किडे टिपतांना दिसतो. पुढें गवताळ माळावर भोवत्या नांवाचा शिकारी पक्षी जमिनीलगत संथपणें तरंगत असतो. हे हिमालयांतून व त्यापलीकडून आलेले. त्यांस पंचांग कोणीं शिकविलें? यिर्मया संदेष्ट्यानें हाच दाखला देऊन आपल्या लोकांस लाजविलें. पाखरांस आपली वेळ उमगते, आणि ज्यांस नियमशास्त्र मिळालें त्यांस मात्र देवाची इच्छा उमगत नाहीं, ही त्याची खंत होती.

पण एखादा शेतकरी बंधु म्हणेल, "पाळकसाहेब, पाखरें पाहाणें हें भरल्या पोटाचें काम. ज्वारीवर भोरड्या उतरल्या म्हणजे आम्हीं काय करावें?"

हा प्रश्न खरा आहे, आणि तो गोड शब्दांनीं झांकूं नये. भोरडीचें डोकें व पंख काळे, पाठ व पोट गुलाबी, दिसावयास सुंदर. परंतु हजारोंचा थवा ढगासारखा वळून भरल्या कणसांवर बसला, तर दोन एकरांच्या धन्याची वर्षाची भाकर जाते. त्यानें माळ्यावर उभें राहून गोफण फिरविली तर त्यांत पाप नाहीं, असें मला वाटतें. मोशेच्या नियमशास्त्रानेंही भुकेल्या मनुष्यास घरट्यांतील अंडीं घेण्याची मनाई केली नाहीं. मात्र आईला सोडून द्यावें, एवढी मर्यादा घातली. गरज मान्य केली, आणि वंश राखला.

म्हणून गोफण निराळी, व विष लावलेले दाणे निराळे. विषानें भोरडी मरते, होला मरतो, तित्तर मरतो, आणि मेलेलें पाखरूं खाणारें मांजरही मरतें.

शिवाय आपण भोरडीचा हिशेब दोन महिन्यांचाच मांडतों. देवाजवळ बारा महिन्यांचा आहे. उन्हाळ्यांत ती मध्य आशियांत टोळ व नाकतोडे चारून पिलें वाढविते. चीनच्या शिंच्यांग प्रांतांत १९८० नंतर तिनें घरटीं करावीं म्हणून लोकांनीं मुद्दाम दगडांचे ढीग रचले, तेही टोळांचा नाश व्हावा म्हणून! इकडे फाल्गुनांत ती पळस व पांगारा यांच्या फुलांतील मध पिते, आणि तिच्या डोक्याला लागून पराग झाडोझाडीं जातो.

येत्या रविवारीं उपासना आटोपल्यावर मुलांस ओढ्याकाठीं न्यावें. गलोली घरीं ठेवाव्या. दिवस मावळतांना थवे बाभळींवर मुक्कामास येतात, आणि त्यांचा कलकलाट पलीकडच्या बांधापर्यंत ऐकूं येतो.