दोष घाणेरीचा की लावणाराचा?

घाणेरी, म्हणजेच टणटणी, आपल्या कुंपणांवर इतकी रुळली आहे की ती परकी आहे हे सहसा कोणास खरे वाटत नाही. वस्तुतः ती उष्ण अमेरिकेतील. युरोपातील माळ्यांनी तिच्या अनेक जातींचा संकर केला. त्यातून नवे रंग व विलक्षण चिवटपणा निपजला. १९ व्या शतकाच्या आरंभी ती शोभेसाठी हिंदुस्थानात आली. पुढे बुलबुलांनी तिच्या बिया रानोरान नेल्या. आज तिच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही. पाला खाणारी गुरे आजारी पडतात.

मग दोष कोणाचा? झुडपाचा नव्हे, वाढणे हा त्याचा स्वभावच. बुलबुल तर केवळ भुकेला. लावणाराचा हेतूही वाईट नव्हता. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे जबाबदारी संपते काय? आमच्या मते नाही. लावणारे आज हयात नाहीत; म्हणून ते काम आपणांकडे येते. नुसती छाटलेली घाणेरी पुन्हा फुटते. तेव्हा तिचा द्वेष न करता ती मुळासकट काढावी व त्या जागी येथलेच गवत, येथलीच झाडे लावावीत. वडिलांचे घर आपण घेतो, तसे त्यांचे ऋणही आपणच फेडावयाचे असते.