साधनाची प्रमाणता आणि संशोधकाचे उत्तरदायित्व

विष्णुपुरी येथे १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा संदर्भ शोधणे म्हणजे ग्रंथालय गाठणे असाच अर्थ होता. आज किनवट वा मुखेडचा विद्यार्थी गावी बसून ‘शोधगंगा’वरील प्रबंध वाचू शकतो. या सुलभतेतून उद्भवणारा प्रश्न तांत्रिक आहे, तसाच नैतिकही आहे. जे स्वतः पडताळलेले नाही ते दुसऱ्याला सत्य म्हणून सांगण्याचा अधिकार संशोधकाला कशामुळे प्राप्त होतो?

छापील ते विश्वसनीय आणि आंतरजालावरील ते संशयास्पद, ही विभागणी टिकणारी नाही. नामदेवांच्या नावावरील छापील गाथांतही विष्णुदास नामासारख्या उत्तरकालीन कवींची रचना मिसळलेली आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ही सरमिसळ आंतरजालाच्या कितीतरी आधीची. आंतरजालावर मात्र गाथेतून सुटा काढलेला अभंग संपादक, प्रत व पाठभेद यांच्यावाचून फिरतो आणि सरमिसळीचा मागच पुसला जातो. एकच चूक दहा ठिकाणी आढळली म्हणजे दहा साक्षी मिळाल्या असे होत नाही. त्या एकाच साक्षीच्या नकला असू शकतात.

या संदर्भात महानुभाव परंपरेचे उदाहरण बोधक आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा त्यांच्या सहवासातील व्यक्तींना विचारून मिळवल्या. मूळ लीळाचरित्र नष्ट झाल्यावर ते स्मरणातून पुन्हा सिद्ध करताना भिन्न पाठ दडपले गेले नाहीत. ते कोणाच्या स्मरणातले, याच्याही नोंदी राहिल्या. येथे विश्वसनीयतेचा पाया निर्दोषता हा नसून उत्तरदायित्व हा आहे.

हाच निकष आजही लावता येतो. मराठी विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. मराठी विकिपीडियावरील लेखाखाली ते नसले तरी प्रत्येक फेरफाराचा इतिहास खुला असतो. दोहोंची प्रमाणता सारखी नाही. परंतु दोहोंत माग काढता येतो. जेथे तो काढता येत नाही, तेथील मजकूर शोधाचा आरंभ ठरू शकेल, आधार ठरू शकत नाही.

तथापि हा सारा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्याच मान्य सूचीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. म्हणजे मान्यतेची मोहोरही पुरेशी नव्हती. मूळ प्रतीपर्यंत जाण्याची सवय लावणारा मार्गदर्शक आणि ती प्रत उपलब्ध करून देणारे ग्रंथालय नसेल, तर विद्यार्थ्याला अप्रामाणिक ठरवण्याचा नैतिक अधिकार संस्थेकडे उरत नाही.