साक्ष आणि आकडा

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण तेथे सांगितले असून रोग्याच्या गुणांत स्मरणशक्ती, सांगितलेले पाळण्याची वृत्ती आणि निर्भयता यांच्या जोडीला ‘ज्ञापकत्व’ येते. स्वतःची व्याधी दुसऱ्याला कळवता येणे हा गुण मानला, की रोगी हा केवळ तपासला जाणारा देह उरत नाही. तो साक्षीदार होतो. योग्य डॉक्टर कोणता, हा प्रश्न आपण बहुधा पदवी आणि कीर्ती यांच्या अंगाने विचारतो. ही साक्ष कोण आणि कशी ऐकतो, या अंगाने विचारला तर तो अधिक अवघड होतो.

थायरॉइड ग्रंथी मंदावण्याच्या विकारात ही अडचण विशेष जाणवते. थकवा, वाढते वजन, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, मनाची मरगळ: यांतले एकही लक्षण एकट्या या विकाराचे नाही. वाढते वय आणि संसाराचा भार यांनीही माणूस असाच थकतो. शिवाय हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक आढळतो, आणि ‘या वयात असे व्हायचेच’ हे वाक्य कोणाला ऐकवले जाते ते सांगायला नको. रक्तातील टीएसएचच्या तपासणीने या संदिग्धतेतून मोठी सुटका केली. जिचे कोणी ऐकत नाही तिच्या वतीने तो आकडा बोलतो, हे त्याला नावे ठेवणाऱ्यांनी विसरू नये.

पेच पुढे येतो. थायरॉक्सिनची गोळी सुरू होते, आकडा जागेवर येतो, आणि ती म्हणते, ‘मला अजून बरे वाटत नाही.’ येथे एक डॉक्टर अहवालावर बोट ठेवून तिला परत पाठवतो. दुसरा तिच्या शब्दाखातर मात्रा वाढवतो. हा दुसरा दयाळू वाटतो. पण अतिरिक्त मात्रेने हृदयाची लय बिघडू शकते, हाडे ठिसूळ होऊ शकतात. साक्ष ऐकणे म्हणजे साक्षीदाराचा निष्कर्ष स्वीकारणे नव्हे. समीक्षेतही हा भेद पुष्कळदा पुसला जातो. क्वचित एखादा डॉक्टर विचारत राहतो: गोळी उपाशीपोटी घेता की चहाबरोबर? लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्याही त्याच वेळी? झोप कशी लागते? मात्रा बदललीच, तर सहा-आठ आठवडे थांबून तो पुन्हा रक्त तपासतो.

या ग्रंथीच्या इतिहासातच अशा विचारण्याचे एक थोर उदाहरण आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियांसाठी ख्यातनाम होते. १८७४ मध्ये त्यांनी एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. जखम भरली, मुलगी घरी गेली. पुढे तिला पाठवणाऱ्या डॉक्टरांनीच कळवले, की ती पूर्वीची राहिलेली नाही. १८८२ मध्ये जिनीव्हाच्या रेव्हेर्दँ यांनीही अशीच निरीक्षणे मांडली, तेव्हा कोखर यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी बहुतेक मंद, सुजलेले, खुंटलेले होते. १८८३ मध्ये त्यांनी हे जाहीर केले आणि गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडले. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मला मात्र त्यांनी पाठवलेली ती बोलावणी अधिक मोलाची वाटतात.

त्या मुलीतला बदल प्रथम ओळखला तो तिला आधीपासून पाहणाऱ्याने. थायरॉइडच्या बहुसंख्य रुग्णांना म्हणूनच जवळचा फॅमिली डॉक्टर पुरतो. गर्भारपण, हृदयविकार, मानेतली गाठ अशा प्रसंगी तज्ज्ञ हवाच, आणि तो बहुधा मोठ्या शहरात असतो. तेथील बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत एकेकीच्या वाट्याला मोजकीच मिनिटे येतात, आणि त्याचा सारा दोष डॉक्टरवर टाकणे अन्यायाचे होईल. काही स्त्रियांनी आपल्यापुरती तोड काढलेली दिसते. भिंतीवरच्या ज्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब असतो, तिच्यावरच त्या बारीक अक्षरात गोळीची वेळ, पायाची सूज, न लागलेली झोप लिहून ठेवतात, आणि तपासणीच्या दिवशी ते पान फाडून बरोबर नेतात.