आजचं चिंतन : पासवर्ड द्यावा का?

गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचं नगर म्हटलंय. डोळे, कान, नाक, तोंड... या दारांतून काय आत येतं याचं भान ठेवणं ही साधनाच. आजच्या घराला असंच आणखी एक दार आहे : राउटर.

नवीन कनेक्शन लागलं, रील चालू झाली की आपण म्हणतो, झालं! पण राउटरला पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, दुसरा सेटिंगचा. दुसरा पुष्कळदा कंपनीने दिलेलाच राहतो, कधी तर नुसता 'अ‍ॅडमिन'. दोन्ही पहिल्याच दिवशी बदलावेत.

आता शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाळा, पासवर्ड दे ना, नातवाची ऑनलाइन परीक्षा आहे." नाही म्हणवत नाही. पण तो पासवर्ड पुढे कुणाकडे जाईल? त्याच नेटवर्कवर बाबांचा लॅपटॉप आहे, घरातला कॅमेरा आहे. मग दया मोठी की सावधपणा?

बऱ्याच राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. त्याचा पासवर्ड वेगळा. पाहुण्याला इंटरनेट मिळतं, घरातली उपकरणं त्याच्यापासून वेगळी राहतात. ओसरीवर पाणी द्यावं, कपाटाची किल्ली देऊ नये, तसंच हे.

मला वाटतं, दान असंच करावं. समोरच्याची गरज पूर्ण भागावी. पण घरच्यांचा विश्वास माझ्या एकट्याच्या मालकीचा नाही, तो मी परस्पर वाटू शकत नाही.

आज रात्री गेस्ट नेटवर्क चालू करा. आणि काकूंना स्वतःहून पासवर्ड द्या.