रथाचे छप्पर

तीस वर्षे मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले आणि दरवर्षी एकदा, बहुधा दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात, मिलिंद राजाचा रथ फळ्यावर सुटा केला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला हा प्रसंग नागपुरात फार समजावून सांगावा लागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 नंतर या गावातल्या कितीतरी घरांत तो आजीच्या गोष्टीसारखा सांगितला गेला आहे. इंदोऱ्याकडून येणारी माझी मुले तो माझ्याआधीच जाणत असत. सागल नगरीचा यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला भेटावयास येतो. नागसेन म्हणतो, ‘नागसेन’ हे नुसते नाव आहे, त्या नावामागे निराळा कोणी पुरुष सापडावयाचा नाही. राजा त्याला पेचात धरू पाहतो. तेव्हा नागसेन विचारतो, आपण आलात कसे? रथातून. मग मला रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ का? नाही. आस? नाही. चाके? नाही. या सगळ्यांचा ढीग? तोही नाही. मग या सगळ्यांहून वेगळे काही? तेही नाही. तर मग महाराज, रथ नाहीच. आपण खोटे बोललात.

हे शेवटचे वाक्य मी नेहमी घाईने ओलांडीत असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, रथ नाही एवढं म्हटलं तरी चाललं असतं. राजाला खोटा कशाला पाडायचं?” ती वादाची एक रीत आहे, असे काहीसे उत्तर मी दिले आणि परीक्षेला ते येत नाही हेही सांगून टाकले. मुलीने वही मिटली. मास्तरकीत असल्या विजयांची मोजदाद कोणी ठेवीत नाही, हे एक बरे आहे.

तो प्रश्न मला पुन्हा भेटला तो निवृत्तीनंतर, एका मोटारीच्या पोटाखाली पाठीवर पडलेलो असताना.

2021 च्या डिसेंबरात धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्यात मी पुस्तके पाहावयास गेलो होतो. बंगला पाडून तिथे सदनिका होणार होत्या. घरधनी इंजिनिअर होते. त्यांना जाऊन बरीच वर्षे झालेली. त्यांच्या पत्नी, वय ऐंशीच्या पुढे, एकेक वस्तू निकालात काढीत होत्या. पुस्तके रद्दीच्याच लायकीची निघाली; पण मागच्या अंगणात कडुलिंबाखाली, फाटक्या ताडपत्रीआड, दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड उभी होती. आणि तिला छप्पर नव्हते.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांना तिची ओळख करून दिली पाहिजे. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून ती 1959 साली ट्रायम्फ हेरल्ड म्हणून बाहेर पडली. आकार तुरीन शहरातल्या मिकेलोत्ती या कलावंताचा. 1961 पासून ती मद्रासला स्टँडर्ड कंपनीत तयार होऊ लागली. त्या काळी आपल्याकडे मोटार म्हणजे अँबॅसडर, नाहीतर फियाट. या दोन पोक्त बायकांत हेरल्ड म्हणजे माहेरी आलेली धाकटी. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती गर्रकन वळते. बॉनेट उचलले तर मडगार्डांसकट सगळा पुढचा भाग पुढे कलंडतो आणि मेकॅनिक चाकावर बसून खुशाल इंजिनात हात घालतो. 948 घनसेंटिमीटरच्या त्या इंजिनाला स्पोर्ट्स गाडीचे म्हणणे म्हणजे तालमीच्या दारावरून गेलेल्याला पैलवान म्हणणे आहे. पण हिचीच चासी आखूड करून 1962 साली ट्रायम्फवाल्यांनी स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्स गाडी काढली, तेव्हा रक्ताचे नाते आहेच. आणि सगळ्यात मोठी खुबी ही की तिचे अंग एकसंध नाही. भाग बोल्टांनी जोडलेले. छप्परसुद्धा बोल्टांवरच. नागसेनाला दृष्टान्तासाठी मोटार हवी असती तर त्याने हीच निवडली असती.

“भंगारवाला पंचवीस हजार म्हणतो,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला हवी का सर?”

आता इथे थोडे थांबले पाहिजे. आदल्याच महिन्यात, निव्वळ कुतूहलाने, मी जुन्या गाड्यांचे भाव चाळले होते. या अवस्थेतल्या हेरल्डलाही लाख-दीड लाख सहज येतील हे मला माहीत होते. मी चाळीस हजार म्हणालो. बाईंच्या चेहऱ्यावर कृतज्ञता दिसली आणि मलाही आपण उदार असल्यासारखे वाटले. लबाडीचा हा प्रकार मला तोवर ठाऊक नव्हता: माणूस लुटतो आणि वर आशीर्वाद घेतो.

निघताना त्या म्हणाल्या, “छप्परही घेऊन जा. कोळशाच्या कोठीवर आहे.” होते खरेच. पन्नास वर्षे कोठीवर पालथे पडून राहिलेले पत्र्याचे छप्पर, आतल्या अंगाला मूळचा फिकट रंग अजून शाबूत. लग्नानंतर त्यांना बंद मोटारीत बसले की मळमळत असे. 1971 च्या उन्हाळ्यात एका रविवारी यजमानांनी पान्हे काढले, संध्याकाळपर्यंत छप्पर उतरवले, सीटांमागे लोखंडी अँगल ठोकून अंगाला बळकटी दिली, आणि कनाती शिवणाऱ्याकडून कापडी हूड करून घेतले. पुढच्या रविवारी दोघे रामटेकला गेली. “तिथवर एकदाही उलटी झाली नाही,” बाई म्हणाल्या. दुसरे काही त्यांनी सांगितले नाही.

पुढची दोन वर्षे दुरुस्तीची. सदरच्या पलीकडे एका गल्लीत एक वयोवृद्ध उस्ताद सापडले. पहिल्याच दिवशी माझ्या हातातली ग्रीसची पिचकारी त्यांनी काढून घेतली. “सरजी, इथं ग्रीस नाही घालायचं जी. मारून टाकाल गाडी.” पुढच्या चाकांचा भार ज्या खालच्या पितळी सांध्यावर फिरतो त्यात ग्रीस नव्हे, गियरचे तेल घालावे लागते. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोचत नाही. वरून सांधा तुकतुकीत दिसतो, आत कोरडा झिजत जातो, आणि एक दिवस वळणावर मोडून चाक आडवे पडते. या एका वाक्यासाठी मी उस्तादांना गुरू मानतो. मागची चाके वेगात वळताना पोटाखाली दुमडू पाहतात, हाही तिचा स्वभाव. तो दुरुस्त होत नाही, आपणच हळू वळायचे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो तेव्हा पेट्रोल पंपातच उकळते आणि गाडी भर चौकात बसते. मग पंपावर ओले फडके टाकून, लिंबाखाली उभे राहून, येणाऱ्याजाणाऱ्याचे सल्ले ऐकायचे.

डायनामोच्या जागी मारुतीचा अल्टरनेटर आला. विजेचा पंखा आला. मूळ सीटांना पट्टे नव्हते, ते मी बसवले. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडली, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा आमची गल्लीही बुडाली आणि गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी राहिली. त्यानंतर तळाचा पत्रा नवा. वायरिंग नवे. दारांच्या खालच्या कडा नव्या. इंजिनाचे पिस्टन आधीच बदलले होते. एक दिवस मी उस्तादांना विचारले, आता यात जुनी गाडी कोणती उरली? त्यांनी स्क्रूड्रायव्हरने चासीवरचा नंबर खरवडून दाखवला. “ही.” सरकारचेही उत्तर तेच आहे. मला हे उत्तर मानवले. रोजच्या व्यवहाराला ते पुरते.

न पुरण्याची वेळ 2024 च्या जानेवारीत आली. गावात जुन्या गाड्यांचे प्रदर्शन होते. मुंबईचे एक गृहस्थ माझ्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, “फॅक्टरीतूनच ओपन आलेली आहे, नाही का?”

मी हसलो. एवढेच. हो म्हणालो नाही.

रात्री त्यांचा फोन आला: सात लाख. कागदपत्रांच्या प्रती पाठवा.

घरी यावर जो खल झाला तो सगळा देत नाही. माझे एक वकील मित्र म्हणाले, विचारणाऱ्याने नीट पाहून घ्यावे; तू एक शब्द खोटा बोललेला नाहीस. उस्तादांनी दुसरी वाट दाखवली: छप्पर घरात आहे, बोल्ट टाकून बसवा, गाडी कारखान्यातून आली तशी होईल. ही वाट कायद्यालाही जवळची होती. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण ती मूळ रूपात असली पाहिजे. चासी, अंग, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. त्याआधी, जानेवारी 2019 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही बजावले होते की कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येणार नाही. आज त्या इंजिनिअरांनी पान्हा उचलला असता तर ते गुन्हेगार ठरते.

मूळ रूप म्हणजे कोणत्या दिवसाचे? मी पुन्हापुन्हा रामटेकच्या टेकडीवर जाऊन पोचत होतो, मनाने. तिथे केवल नरसिंहाचे देऊळ वाकाटकांचे, पाचव्या शतकातले. रामाचे देऊळ यादवकाळातले. तटबंदीला आणि देवळांना भोसल्यांचा हात लागलेला. यातले खरे रामटेक कोणते असे विचारणारा यात्रेकरू मला भेटलेला नाही. जीर्णोद्धाराला आपण पुण्य म्हणतो, अपभ्रंश म्हणत नाही. या हिशेबाने छप्पर नसणे हेही या गाडीचे एक खरे रूप होते, एका रविवारी कोणाच्या तरी जिवासाठी दिलेले. हे सारे मला फार पटले. आणि इतके पटले की त्याआड माझे ते हसू लपून गेले.

प्रती काढण्यासाठी नोंदणीपुस्तक उघडले तेव्हा ते बाहेर आले. जुने, कापडी पाठीचे पुस्तक. तोवर मी फक्त पहिले पान पाहिले होते. आत फेरफारांच्या पानावर निळ्या शाईत, शिक्क्यासह, 1971 ची नोंद: स्थिर छप्पर काढले, कापडी हूड बसवले. 1939 च्या मोटार कायद्यात असा बदल कळवावा लागत असे, आणि त्या गृहस्थांनी तो कळवला होता. सबंध छप्पर उतरवणाऱ्या माणसाने कोणापासून काही लपवले नव्हते. मी एक बोल्टही न हलवता लपवले होते.

त्या मुलीला त्या दिवशी काय उत्तर द्यायला हवे होते ते मला तेव्हा समजले. नागसेनाने खोटेपणाचा आरोप केल्यावर राजा गप्प बसत नाही. तो म्हणतो, मी खोटे बोललो नाही. दांडी, आस, चाके यांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते. आणि नागसेन ते मान्य करतो. म्हणजे भाग बदलल्याने कोणी खोटा पडत नाही, पण नाव कशाच्या आधारावर उभे आहे ते विचारले की सांगता आले पाहिजे. वस्तूत फसवणूक मावत नाही. तिच्याबद्दलच्या वाक्यात मावते, आणि कधीकधी वाक्याच्या जागी ठेवलेल्या हसण्यात.

मुंबईकरांना मी फोन केला. ते सभ्य होते; “बरं झालं सांगितलंत,” म्हणाले, आणि पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

ते सोपे होते, कारण त्यात माझे फक्त पैसे गेले. राहिल्या धंतोलीच्या बाई. वकील मित्रांचे म्हणणे, सौदा म्हणजे सौदा. पण आमच्याकडे व्यापारी संत्र्याचा बगीचा झाडावरच्या फळासकट घेतो तेव्हा बागवान आणि तो, दोघेही झाडाझाडाखालून फिरतात. चुकले तर दोघेही उघड्या डोळ्यांनी चुकतात. धंतोलीच्या अंगणात डोळे एकाचेच उघडे होते. मी हिशेब केला: दीड लाखांतून चाळीस वजा जाता एक लाख दहा हजार. ते पाकिटात घालून मनीषनगरात त्यांच्या पुतण्याच्या घरी गेलो आणि जे होते ते सांगितले.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. पाकीट उघडून पाहिले, पुतण्याला हाक मारून त्याच्याकडे ठेवायला दिले. ‘कशाला, कशाला’ त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्यामुळे मला बरे वाटले. मग म्हणाल्या, “तेव्हाच बोलला असतात सर, तर मी बहुतेक विकलीच नसती. वाटलं, भंगारच झालं आहे तिचं, ठेवून काय करू.”

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हते. पाकिटात बसेल असे तर नव्हतेच. गाडी परत देऊ का, असे मी विचारले. त्यांनी खिडकीतून खाली पाहिले. दोन इमारतींमध्ये स्कूटर लावण्यापुरती जागा होती.

“छप्पर आहे का अजून?”

“आहे. गच्चीवर.”

“पालथं ठेवलंय ना? उताणं ठेवलं तर पाणी साचतं. हे नेहमी पालथं ठेवायला सांगत.”

मी उताणे ठेवले होते. घरी येऊन आधी ते पालथे केले. येत्या रविवारी, ऊन फार नसले तर, बाईंना घेऊन रामटेकला जायचे आहे. तत्पूर्वी उस्ताद एकदा पुढच्या सांध्यांत तेल घालून देणार आहेत.